मयुरी संगणकाला थेट विचारते, त्याबद्दल तक्रार

लिंबायत, सुरत
दसऱ्यानंतरचा रविवार

आदरणीय धुडकूदादा यांना धाकटा साडू योगराज याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (लिहिण्यासाठी एक हात सोडावा लागला आहे, तेवढं चालवून घ्या). पुष्पाताईंनाही वाकून नमस्कार सांगा. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? मागे फोनवर तुम्ही म्हणालात की डॉक्टरांनी पिठाच्या गिरणीत उभं राहायला साफ मनाई केली आहे, आणि त्याच फोनमध्ये मागून गिरणीचा आवाज येत होता, म्हणून विचारतो. ताईंची साखर, म्हशीचं दूध आणि गिरणीचा नवा पट्टा हे सगळं ठीक असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही खुशाल आहोत. मनीषा मजेत आहे. (जरा जास्तच मजेत आहे. त्यावर पुढे येतो.)

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर आमचं घर तुम्ही पाहिलं आहे. पुढची खोली, मागची खोली आणि मध्ये पडदा. ज्या व्यक्तीबद्दल मला बोलायचं आहे ती पडद्याच्या एका नाहीतर दुसऱ्या बाजूला असतेच. शिवाय तुम्ही फोन स्पीकरवर टाकून पिठाच्या डब्यावर ठेवता, आणि दळणाला आलेल्या बायका माझ्या घरातलं सगळं ऐकून मध्येच सल्ला देतात. मागच्या वेळी माझ्या पोटाच्या तक्रारीवर कुणा अनोळखी बाईंनी ओवा आणि शेंदेलोण सुचवलं होतं. (उपाय लागू पडला. त्यांना नमस्कार सांगा. पण ही गोष्ट ओव्याने बरी होणारी नाही.)

तुम्ही विचारलं होतं की मयुरी तुमच्याकडे राहायला आली, तुझ्याच ऑफिसात लागली, तिचा काही त्रास होत असेल तर संकोच न करता कळव, दिवाळीनंतर येऊन घेऊन जातो. दादा, संकोच बाजूला ठेवून कळवतो. त्रास आहे. पोरगी तुमची आहे, मनीषाच्या सख्ख्या बहिणीची आहे, तिच्या बारशाला पाळण्याची दोरी मी स्वतः ओढली आहे, आणि तरीही सांगतो की त्रास आहे. ती उद्धट नाही, आळशी नाही, फिरायला जात नाही, सकाळी माझ्या आधी उठते आणि पाणी भरून ठेवते. तसलं काही असतं तर मी निभावून नेलं असतं. तिचा त्रास वेगळ्या जातीचा आहे, आणि तो समजायला तुम्हाला माझं काम थोडं समजून घ्यावं लागेल. (लग्न झाल्यापासून मी सांगतो आहे की मी 'कॉम्प्युटर दुरुस्त' करत नाही. आज ते एकदाचं सांगून टाकतो.)

आमच्या शेठचं ऑफिस पर्वत पाटियाजवळ. साड्यांवर आणि चणियाचोळीवर मशीनने जे भरतकाम होतं, त्याची डिझाइनं आमच्याकडे संगणकावर बनतात आणि मग कारखान्यात मशीनवर चढतात. डिझाइन काढणारी पोरं-पोरी बहुतेक आपल्या खानदेशातली. हे सगळे संगणक मी सांभाळतो. शेठचा हात आखडता, म्हणून सगळ्यांवर लिनक्स, ज्याला लायसनचा खर्च नाही (शेठ त्याला 'मफतवाळुं' म्हणतात, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात जी माया येते ती मी त्यांच्या नातवाच्या वाट्यालाही आलेली पाहिली नाही). अशा प्रत्येक संगणकात एक कारभारी असतो, त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. कुठलं सॉफ्टवेअर बसवलेलं आहे, कितवं व्हर्जन आहे, नवीन आलं आहे का, कुणाचं कुणावाचून अडतं, हे सगळं त्याला ठाऊक. एका संगणकावर जुनं व्हर्जन आणि दुसऱ्यावर नवं असलं की इकडे काढलेलं कमळ तिकडे उघडल्यावर कोबीसारखं दिसतं. म्हणून दर आठवड्याला सगळ्या संगणकांच्या कारभाऱ्यांकडून माहिती काढायची आणि शेठच्या टेबलावर अहवाल ठेवायचा, हे माझ्याकडे.

हे मी माझ्या पद्धतीने करत होतो. काळ्या पडद्यावर कारभाऱ्याला कमांड द्यायची, तो जे काही छापेल ते सगळं गोळा करायचं आणि त्यातून मला हवे ते शब्द गाळून घ्यायचे. 'इन्स्टॉल्ड' हा शब्द जिथे सापडेल तिथून पुढचा तुकडा कापायचा, तो व्हर्जन. मध्ये रिकामी जागा जास्त आली की एक ठिगळ, नाव लांब निघालं की दुसरं ठिगळ. असं करत करत या सगळ्या कमांडांची स्क्रिप्ट एवढी मोठी झाली होती की ती उघडताना मलाही आदर वाटायचा. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. कारभारी प्रत्येक वेळी एक सूचना छापायचा, की माझं हे छापील बोलणं माणसांनी वाचण्यासाठी आहे, ते कधीही बदलेल, त्याच्यावर प्रोग्रॅम बांधताना जपून. ती सूचना अहवालात घाण करते म्हणून मी ती परस्पर कचऱ्यात जाईल अशी सोय केली होती. (तुम्हीही गिरणीवर 'उधार बंद' अशी पाटी लावून तिच्यावर पोतं टांगलं आहे. तेव्हा तुम्ही मला समजून घ्याल.)

आणि मग आली मयुरी. मीच शेठकडे शब्द टाकला होता. माझा अंदाज असा की पोरगी शिकलेली आहे, माझ्या हाताखाली बसेल, मी सांगेन ते टाइप करेल, आणि चार लोकांना दिसेल की योगराजलाही आता हाताखाली माणूस आहे. पहिल्या आठवड्यात तसंच चाललं होतं. ती शांतपणे बसून माझी स्क्रिप्ट वरपासून खालपर्यंत वाचत होती आणि मधूनमधून कपाळावर हात लावत होती. मला वाटलं, भारावली आहे.

तिने काही बोलण्याआधीच मी एक मोठं काम काढलं. आमच्या ऑफिसात बहुतेक पोरं मराठी, तर संगणक इंग्रजीत का असावेत? मी सगळ्या संगणकांची भाषा मराठी केली. पडदे मराठीत बोलायला लागले. प्रमिलाबाई (या आमच्याकडे तयार डिझाइन तपासतात, मूळच्या एरंडोलच्या, कौतुक सहसा करत नाहीत) स्वतःहून म्हणाल्या की हे बरं केलं. मी मयुरीकडे पाहिलं. ती म्हणाली, छान झालं काका, पण तुमची स्क्रिप्ट एकदा चालवून बघा. मी म्हटलं, ती काय आजची आहे का.

शनिवारी अहवाल छापून शेठच्या टेबलावर ठेवला. शेठनी चष्मा लावला, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग मला आत बोलावून विचारलं, "योगराजभाई, आमां तो कंई छे ज नहीं?" मी पाहिलं तर खरंच काही नव्हतं. सगळ्या संगणकांची नावं व्यवस्थित, आणि प्रत्येकापुढे लिहिलेलं, काहीही बसवलेलं नाही. झालं असं होतं, दादा, की कारभारीही आता मराठी बोलायला लागला होता. 'इन्स्टॉल्ड'च्या जागी तो काहीतरी भारदस्त मराठी शब्द छापत होता, आणि माझी चाळणी इंग्रजी शब्दाची वाट पाहत बसली होती. शेठनी काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर सगळी पोरं माना खाली घालून त्या रिकाम्या संगणकांवर झपाझप डिझाइन काढत होती. शेठनी मला विचारलं की मग ही सगळी कशावर काम करतायत. त्या दिवशी शेठनी मला चहा विचारला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा.

मयुरीने मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं (मोठ्याने बोलली नाही, एवढं तिला द्यावं लागेल) की एक ओळ टाकून कारभाऱ्याला तेवढ्यापुरतं इंग्रजी बोलायला लावता येईल आणि तुमची स्क्रिप्ट पुन्हा चालेल. पण उद्या त्याने बोलण्याची ढब बदलली की पुन्हा अडेल. मग तिने विचारलं, "काका, तो बाहेर काय बडबडतो ते ऐकत बसण्यापेक्षा त्याला आत जाऊन थेट का नाही विचारत?" तर आत जायचा रस्ता म्हणजे लायब्ररी. पुस्तकांची नव्हे. जे लोक हा कारभारी तयार करतात, त्यांनीच प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी ठेवलेलं हे मागचं दार. पायथन या संगणकी भाषेत दोन-चार ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत लायब्ररी बोलवायची, दुसरीत कारभाऱ्याचा सगळा साठा उघडायचा, आणि मग पॅकेजचं नाव घेऊन विचारायचं, हे बसवलंय का? उत्तर येतं हो किंवा नाही. शब्द नाही, ओळ नाही, भाषा नाही. कितवं व्हर्जन? हे. नवीन आलंय का? आलंय, ते हे. याचं कुणावाचून अडतं? यांच्यावाचून. झालं. गाळणं नाही, कापणं नाही, ठिगळ नाही. तिने दुपारच्या जेवणाआधी लिहायला घेतलं आणि आम्ही डबे धुऊन आलो तेव्हा नवा अहवाल शेठच्या टेबलावर होता. माझ्या स्क्रिप्टला वर्षं लागली होती. तिची सगळी मिळून पडद्याच्या एका पानात मावत होती, वर-खाली करावंही लागत नव्हतं. मी बराच वेळ बोट ठेवून वर-खाली करायला काही आहे का ते पाहत होतो.

शेठनी तो अहवाल वाचला आणि मयुरीला चहा मागवला. कपबशीत. दादा, त्या ऑफिसात मी लागल्यापासून कागदी पेल्यातून चहा पितो आहे. ती बशी पाहुण्यांसाठी आणि बँकेच्या साहेबांसाठी ठेवलेली आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. मयुरीने बशीत चहा ओतला आणि फुंकून प्यायली, तुम्ही पिता तशी. शेठना तेही आवडलं.

इथून माझं मन ठिकाणावर राहिलं नाही. ऑफिसात 'मयुरीबेनने पूछो', म्हणजे तिलाच विचारा, असं सुरू झालं. प्रमिलाबाई तिच्यासाठी डब्यातून खमण आणायला लागल्या. (माझ्या वाढदिवसाला त्यांनी मला 'हो का' म्हटलं होतं.) घरी यावं तर तिथेही तेच. माझ्या कामाबद्दल मी मनीषाला आजवर कितीदा समजावलं असेल, आणि प्रत्येक वेळी कारभाऱ्यापाशी येईपर्यंत ती डोळे मिटायची. आता मयुरी शेंगा सोलता सोलता तिला सगळं सांगते, आणि मनीषा विचारते, "मग त्यानी काय सांगं?" कारभाऱ्याने काय सांगितलं हे ऐकायला तिला उत्सुकता आहे. एके दिवशी मी मध्ये पडून म्हटलं की हे तर मी तुला पूर्वीच सांगितलं होतं. तर मला म्हणते कशी, "पोर थकेल शे, तुम्ही जरा गप बठा." मी गप्प बसलो. माझ्याच घरात, माझ्याच विषयावर.

मग मी ठरवलं की ही लायब्ररी मीही शिकणार, आणि हिच्याहून पुढे जाणार. विचारायचं कुणाला? तिला विचारणं शक्य नव्हतं. म्हणून तिच्या खुर्चीमागे जो पाण्याचा माठ आहे तिथे पाणी प्यायला जाऊन मी तिच्या पडद्यावरच्या ओळी डोळ्यांत साठवायला लागलो. एक पेला, दोन ओळी. तो सगळा आठवडा मी इतकं पाणी प्यायलो की प्रमिलाबाईंनी मला साखर तपासून घ्यायला सांगितलं, आणि मनीषाने खरंच तपासायला नेलं. (साखर नाही. पुष्पाताईंना सांगा, निदान त्यात तरी आम्ही एका घरातले नाही.)

नवरात्र तोंडावर आलं होतं. चणियाचोळीची कामं म्हणजे ऑफिसात बसायला जागा नाही. अशा वेळी मला त्या लायब्ररीत एक प्रश्न सापडला जो मयुरी कधी विचारत नव्हती. कारभाऱ्याला विचारता येतं की असं कुठलं पॅकेज आहे जे आता कुणाच्याच कामाचं नाही आणि काढून टाकलं तरी चालेल? तो प्रत्येकाबद्दल हो किंवा नाही सांगतो. मी विचारलं. भराभर हो, हो आले. मला वाटलं, ही नुसती विचारत बसते, मी विचारून वर साफसफाईही करून दाखवतो. संगणक हलके होतील, शेठ खूश होतील, कपबशी येईल. त्याच लायब्ररीतून काढून टाकण्याची खूण करता येते आणि मग 'कर' म्हणून सांगता येतं. मी सगळ्या संगणकांवर एकदम खूण केली आणि 'कर' म्हटलं. त्याने केलं. न कुरकुरता, न विचारता केलं. एवढा आज्ञाधारकपणा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला आणि मला क्षणभर फार बरं वाटलं.

डिझाइनचा जो मुख्य प्रोग्रॅम आहे, ज्यात धागा कसा दिसेल ते कळतं, तो शेठनी बाहेरून आणून पेन ड्राइव्हवरून बसवलेला आहे. तो कारभाऱ्याच्या हातून आलेला नाही, त्यामुळे असा कुणी घरात राहतो हे कारभाऱ्याला ठाऊकच नाही. आणि हा प्रोग्रॅम ज्या लहानसहान पॅकेजांच्या जिवावर चालतो, ती कारभाऱ्याच्या लेखी कुणाच्याच कामाची नव्हती. मी नेमकी तीच काढून टाकली होती. आधी कोपऱ्यातल्या एका पोरीने हात वर केला की प्रोग्रॅम बंद पडून उघडत नाहीये. मग तिच्या शेजारच्याने. मग सगळ्या ऑफिसाने माझ्याकडे पाहिलं. आत शेठच्या केबिनमध्ये व्यापारी येऊन बसले होते, त्यांचा माल नवरात्राच्या आधी बाजारात जायचा होता, आणि कारखान्यात मशीनं डिझाइनची वाट पाहत उभी होती. मी माठाकडे गेलो, पण या वेळी खरंच तहान लागली होती.

मयुरी माझ्या खुर्चीत येऊन बसली आणि तिने पडदा पाहिला. मग हळूच म्हणाली, "काका, तुम्ही फक्त विचारलं होतं ना?"

मी म्हटलं, "विचारलं. मग त्याने सांगितलं ते ऐकलंही."

ती हसली नाही, रागावलीही नाही. तिने एवढंच विचारलं की आज कुठला संगणक बंद होता का. प्रमिलाबाई पितृपक्षाच्या जेवणासाठी एरंडोलला गेल्या होत्या, त्यांचा बंद होता. माझी साफसफाई तिथपर्यंत पोचली नव्हती. मयुरीने तो सुरू केला, त्याच लायब्ररीतून त्याच्या कारभाऱ्याला विचारलं की तुझ्याकडे काय काय बसवलेलं आहे, मग बाकीच्यांना तेच विचारलं, आणि जे प्रमिलाबाईंकडे आहे पण बाकीच्यांकडे नाही तेवढंच वेगळं काढून परत बसवलं. आणि या पॅकेजांना यापुढे कुणी आपोआप हात लावू नये अशीही खूण करून ठेवली. एकेक पडदा जिवंत होत गेला. व्यापाऱ्यांची दुसरी चहाची फेरी संपायच्या आत कारखान्यात पहिलं डिझाइन गेलं.

शेठ बाहेर आले आणि विचारलं की हे कुणी केलं. मी तोंड उघडणार होतो, दादा, खरंच उघडणार होतो. (मनीषाला हे पटत नाही. तुम्ही पटवून घ्या.) त्याच्या आधी मयुरी म्हणाली, "शेठजी, आम्ही दोघं सफाई करत होतो, माझ्या नजरेतून एक गोष्ट सुटली." आता शेठनी काय म्हणावं? म्हणाले, "कंई वांधो नहीं, बेन, चा पीओ." आणि पुन्हा कपबशी. दादा, तुम्हीच न्याय करा. चूक माझी, सगळीच्या सगळी माझी, आणि त्या चुकीचा चहाही तिलाच मिळाला. माझ्या नावावर चूकसुद्धा राहू दिली नाही पोरीने. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मनीषाने मयुरीच्या ताटात तूप वाढलं आणि मला विचारलं की तुमचं पोट पुन्हा बिघडलं का.

त्यानंतरचं एक सांगतो आणि आवरतो. त्या लायब्ररीची माहिती जिथे लिहून ठेवलेली असते तिथे एक उदाहरण जुनं झालं होतं, जसंच्या तसं चालवलं तर अडायचं. मीही तिथेच अडलो होतो, मी त्या उदाहरणाला शिव्या देऊन पुढे गेलो. मयुरीने ते दुरुस्त करून ती लायब्ररी सांभाळणाऱ्या लोकांना पाठवलं. ते कुठल्या कुठल्या देशांत बसलेले असतात. त्यांनी ते घेतलं आणि तिचे आभार मानले. तिचं नाव आता तिथे आहे, कुणीही जाऊन पाहावं. मी जाऊन पाहिलं. खरं सांगायचं तर रोज पाहतो. तिने तिचं पूर्ण नाव लिहिलं आहे, मध्ये तुमचं. म्हणजे दादा, दोंडाईच्याला गिरणीत पिठाने पांढरे होऊन बसलेले तुम्ही, ज्यांना आजही मोबाइलवरचा फोटो मोठा करायला ताई लागतात, ते तुम्ही त्या ठिकाणी आहात, आणि मी नाही. माझा हेवा आता एका माणसापुरता राहिलेला नाही. तुमच्यापर्यंत पोचला आहे. झोपताना मला तुमचा चेहरा दिसतो.

तेव्हा तुम्ही विचारलं त्याला माझं प्रामाणिक उत्तर हे, की मयुरीने सुरतेत राहू नये. ऑफिसला, घराला आणि माझ्या प्रकृतीला तेच बरं. ही गोष्ट मी पुष्कळ विचार करून लिहितो आहे.

ताईंना, म्हशीला आणि दळणाच्या बायकांना यथायोग्य. गुडघ्याला जपा.

आपला,
योगराज

ता. क. पत्र बंद करता करता उघडलं, कारण मुख्य गोष्ट राहिली. ती सुरतेत राहू नये म्हटलं, त्याचा अर्थ तिला दोंडाईच्याला नेऊन गिरणीवर बसवा असा घेऊ नका. पुण्याच्या एका कंपनीने तिचं ते काम पाहून तिला बोलावलं आहे. मोबाइलवर मुलाखत झाली, त्यांनी होकार दिला, आणि पोरीने नाही म्हणून कळवायचं ठरवलं आहे. अजून कळवलेलं नाही. तुम्हाला यातलं काही सांगितलं नसणार. मी पडद्याच्या अलीकडून ऐकलं. मनीषाने विचारलं की का नाही म्हणतेस, तर म्हणाली, "मावशी, मी गेले तर काका पुन्हा सफाई करतील." मनीषा हसली. मयुरी हसली नाही, ती खरंच त्या काळजीत होती.

ता. क. दुसरा. मी तिला स्वतः 'जा' म्हणून पाहिलं. दोनदा म्हटलं. तिला वाटतं की काकांना मी डोळ्यासमोर नको आहे म्हणून म्हणतात. यात खोटं काही नाही, त्यामुळे मला पुढे बोलता येईना. म्हणून हे तुम्ही सांगायचं. 'पप्पांची इच्छा' म्हणून सांगा, जरा कडक आवाजात, फोन स्पीकरवरून काढून. माझं नाव येऊ देऊ नका. पुण्याला खोली कशी मिळेल, मुलीने एकटं कसं राहावं, हे प्रश्न ताई काढतील. मनीषा आठ-पंधरा दिवस बरोबर जायला तयार आहे (विचारण्याआधीच तिने पिशवी खाली काढली आहे). वरची सगळी पानं ताईंना वाचून दाखवलीत तरी चालेल, फक्त तुपाची ओळ सोडा.

ता. क. तिसरा. ती गेल्यावर शेठ पुन्हा माझ्याकडे वळतील असा माझा हिशेब होता. काल सहज म्हणून त्यांच्या कानावर घातलं की मयुरीबेन कदाचित पुण्याला जातील. त्यांनी विचारलं की फोनवर तर मिळतील ना? तर दादा, तिथे गेल्यावर तिने नवा नंबर घेतला तर तो आधी मला कळवा. शेठना मी नंतर देईन. द्यायचा की नाही, ते बघतो.